उन्हाळी परसबागेची पहिली तोडणी : नवशिक्यांसाठी संपूर्ण माहिती

पेण / रोहा : भात झोडून झालं, वालाच्या शेंगा खाऊन झाल्या की आपल्याकडची बरीच शेतं पावसापर्यंत रिकामी पडतात. त्याच वेळी बाजारात भाजी महागते. एप्रिल-मे महिन्यात घरी लग्नकार्य, पाहुणे, मुंबईहून आलेली मुलं, आणि भाजी मात्र वाशीच्या मार्केटमधून आलेली, दोन दिवसांची शिळी. म्हणून गेल्या काही वर्षांत दोन्ही तालुक्यांत घरामागच्या परड्यात, न्हाणीच्या पाण्यावर, कुणी गोणीत तर कुणी मांडवावर उन्हाळी भाजी करायला लागलं आहे. बचत गटांच्या ताईंनी 'उमेद' अभियानाच्या 'माझी पोषण परसबाग' मोहिमेत वाफे केले, शाळांतही परसबागा झाल्या.

लागवडीची माहिती सगळीकडे मिळते. पण नवीन माणसाची गडबड होते ती पुढे, फळ धरल्यावर. कधी तोडायचं, किती यायला पाहिजे, फुलं का गळतात, कडू लागलं तर काय, हे कुणी सांगत नाही. एप्रिलमध्ये दोन-चार गोष्टी बिघडल्या की माणूस म्हणतो, आपल्याला जमणार नाही, आणि बाग गुरांना सोडून देतो. तसं होऊ नये म्हणून ही माहिती एकत्र दिली आहे. मोबाइलमध्ये जपून ठेवा.

■ कोणती भाजी किती दिवसांत हाताशी येते

उन्हाळी भाजीचं बी साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत टाकतात. होळीच्या सुमारास वेल मांडवावर चढलेला असला तर गुढीपाडव्यापासून तोडणी सुरू होते आणि मे अखेरपर्यंत चालते. बी टाकल्यापासून पहिल्या तोडणीचे अंदाजे दिवस असे :

• लाल माठ : २५ ते ३०
• पालक : ३० ते ३५
• मुळा : ४० ते ४५ (पाल्यासाठी २५ ते ३०)
• भेंडी : ४५ ते ५०
• चवळी, गवार : ४५ ते ५५
• काकडी : ४५ ते ५०
• शिराळी, घोसाळी : ५० ते ६०
• दुधी : ५५ ते ६५
• कारली : ५५ ते ६५
• मिरची, वांगी, टोमॅटो : रोप लावल्यापासून ६० ते ७०

दिवस चार-पाच मागेपुढे होतात. थंडी लांबली तर बी उगवायलाच वेळ लागतो. त्यामुळे शेजाऱ्याची भेंडी आली आणि आपली नाही म्हणून घाबरू नका. बी कधी टाकलं ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, अर्धी काळजी तिथेच मिटते.

पहिल्या वर्षी माठ, भेंडी, चवळी, दुधी आणि काकडी एवढ्या पाचच भाज्या धरा. या सहज येतात. टोमॅटोचा नाद उन्हाळ्यात नवीन माणसानं करू नये. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की त्याची फुलं गळतात. आपल्या रायगडमधल्या भिरा इथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. असा उन्हाळा असेल तर टोमॅटोला दोष देऊन उपयोग नाही. टोमॅटो पावसाळा संपल्यावर लावा.

वाणांमध्ये दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे वाण आपल्या हवेला मानवतात : कारल्यात 'कोकण तारा', शिराळीत 'कोकण हरिता', चवळीत 'कोकण सदाबहार', काकडीत 'शीतल', मिरचीत 'कोकण कीर्ती'. भेंडीत 'अर्का अनामिका' आणि 'परभणी क्रांती' हे जुने, भरवशाचे वाण. गावठी बी मिळालं तर तेही चांगलं. पेणच्या बाजारात डोंगरातून येणाऱ्या आदिवासी बायकांशी बोललात तर कधीकधी असं बी मिळून जातं, जे दुकानात कुठेच नसतं.

■ पहिला नियम : तोडाल तेवढं येईल

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. झाडाला आपलं पोट भरायचं नसतं, त्याला बी धरायचं असतं. एक फळ जून होऊन आत बी पक्कं झालं की झाडाचं काम झालं, ते नवीन फूल काढायचं कमी करतं. कोवळं फळ काढून घेतलं की ते परत फुलतं. म्हणून वेळेवर तोडणं हे खत घालण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

मी स्वतः पहिल्या वर्षी हीच चूक केली. मांडवावर तीन दुधी असे काही लांब लागले होते की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला म्हणून ठेवले. आठवडाभर कौतुक झालं. नंतर वेलाला एक कळी येईना. आईनं ते तिन्ही दुधी काढून टाकले, आळ्यात शेणखत घातलं, तेव्हा पंधरा दिवसांनी वेल परत लागला. तोडलेले दुधी इतके जून झाले होते की सुरी आत जाईना.

■ कुठली भाजी कधी तोडायची

भेंडी : फूल उमलल्यावर ५-६ दिवसांत तोडायला येते. बोटाएवढी, तीन ते चार इंचांची झाली की काढा. टोक सहज मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. बाजारात असं केलं तर भाजीवाली ओरडते, आपल्या बागेत कोण ओरडणार! एक दिवसाआड तोडणी हवीच. दोन दिवस गावाला गेलात तर शेजारणीला सांगून जा, भाजी तिनं नेली तरी चालेल पण झाडावर राहू नये. भेंडीची लव खाजते, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

दुधी : फळ धरल्यापासून १२ ते १५ दिवस. सालीवर बारीक लव असते आणि नख सहज रुततं तोवर कोवळा. साल चकचकीत, कडक झाली की उशीर झाला. पाऊण ते एक किलोचा झाला की काढा, आणखी मोठा करायच्या मोहात पडू नका.

शिराळी आणि घोसाळी : शिरा मऊ असतानाच. वाट पाहिली तर आत जाळी धरते, मग ती अंग घासायलाच कामाला येते. सुकट घालून शिराळी करायची असेल तर वीतभराहून थोडी मोठी असतानाच काढा.

काकडी : हिरवी-पांढरट असताना. बुडाकडे पिवळेपणा दिसायला लागला की बी जून होतं.

कारली : शिरांच्या मधल्या खाचा भरल्या पण रंग हिरवाच आहे, तेव्हा काढा. एक जरी फळ वेलावर पिवळं-नारिंगी झालं तरी लगेच काढून टाका.

चवळी, गवार : शेंगेतला दाणा बाहेरून फुगलेला दिसायच्या आत. शेंग मोडताना कट्‌कन तुटली पाहिजे, दोरा निघाला तर उशीर झाला. चवळीचा देठ नखानं खुडा, शेंग ओढू नका. त्याच देठावर पुढच्या कळ्या असतात.

लाल माठ : वीतभर झाला की. दोन पद्धती आहेत. दाट जागेतला मुळासकट उपटायचा म्हणजे राहिलेल्याला जागा होते. बाकीचा जमिनीपासून तीन-चार इंच ठेवून कापायचा, तो परत फुटतो. माठ एकदम सगळा पेरू नका. दर पंधरा दिवसांनी हातभर पट्टा पेरा, म्हणजे दर आठवड्याला एखादी जुडी मिळत राहते.

वांगी : साल चमकत असताना. चमक गेली की आत बी झालं समजा. देठासकट सुरीनं कापा.

मिरची : हिरवी, देठासकट. शेवटची तोडणी मात्र मे महिन्यात झाडावरच लाल होऊ द्या, वाळवणाला होते.

तोडणीची वेळ सकाळी, ऊन चढायच्या आत. दुपारी तोडलेली भाजी तासाभरात मान टाकते. पालेभाजी संध्याकाळी काढली तरी चालते. काढल्यावर लगेच सावलीत, ओल्या फडक्याखाली ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवली तर घामेजून सडते.

■ भाजी किती मिळेल? खरा हिशेब

मोबाइलवरचे व्हिडिओ बघून लोकांना वाटतं की चार कुंड्यांत घरची भाजी सुटते. तसं होत नाही. आपण साधा हिशेब करू.

समजा दहा बाय दहा फुटांचा एक वाफा आणि तेवढाच एक मांडव आहे, म्हणजे दोनशे चौरस फूट. एका गुंठ्यात १,०८९ चौरस फूट असतात, म्हणजे ही जागा गुंठ्याच्या पाचव्या भागाहून कमी झाली. पहिल्या वर्षी, बरी देखभाल ठेवली तर हंगामभरात साधारण एवढं धरावं :

• भेंडी, ३० झाडं : ६ ते ७ किलो
• चवळी, २० झाडं : २ ते ३ किलो
• लाल माठ, एक चौरस मीटरचे चार पट्टे : ४ ते ५ किलो
• मिरची, ६ झाडं : एक ते दीड किलो
• दुधी, २ वेल : १२ ते १६ फळं, म्हणजे १० ते १३ किलो
• शिराळी, २ वेल : ४ ते ५ किलो
• काकडी, ३ वेल : ४ ते ५ किलो
• कारली, २ वेल : ३ ते ४ किलो

ही बेरीज ३४ ते ४३ किलोच्या आसपास येते. एप्रिल आणि मे या साठ दिवसांवर ती पसरली तर रोज अर्ध्या ते पाऊण किलोच्या मध्ये भाजी झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज तीनशे-चारशे ग्रॅम भाजी पोटात जायला हवी. पाच माणसांच्या घराला दीड किलो तरी लागते. म्हणजे एवढ्या बागेतून घरच्या गरजेचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मा भाग निघतो.

हे कमी वाटत असेल तर असं बघा : बऱ्याच घरांत उन्हाळ्यात पालेभाजी आठवड्यातून एकदाही होत नाही, बटाटा आणि सुकटीवर भागतं. तिथे आठवड्याला माठाची एक जुडी आणि रोज एक ताजी भाजी येणं हा मोठा फरक आहे. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी तर फारच.

आणि भाजी सारखी येत नाही, हेही लक्षात ठेवा. एका आठवड्यात पाच दुधी येतील, पुढच्या आठवड्यात एकही नाही. जास्तीची भाजी शेजारी द्या, त्यांच्याकडून दुसरी घ्या. किंवा वाटे लावून विका. वडखळ, नागोठणे, कोलाड इथे महामार्गाच्या कडेला वाटे लावून बसणाऱ्या बायका आपण रोज बघतोच. ताजी गावठी भाजी म्हटली की गाडीवाले थांबतात. उरलेल्या गवारीचं, भेंडीचं वाळवण करा, मे महिन्याचं ऊन फुकट आहे.

■ पाण्याचं गणित

आपल्याकडे पावसाळ्यात धो-धो पाऊस, आणि मे महिन्यात हंडा घेऊन रांग. रोह्यात डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्याखालच्या गावांना भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्याचा आधार आहे, तिथे उन्हाळी भातही होतं. पेणच्या खारेपाटात, वाशी-वढाव बाजूला, मात्र प्यायच्या पाण्याचीच पंचाईत. त्यामुळे बाग केवढी करायची हे जागेवर नाही, पाण्यावर ठरवा.

ढोबळ हिशेब असा. उन्हाळ्यात वाफ्यातून रोज सुमारे पाच मिलिमीटर पाणी उडून जातं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दहा बाय दहा फुटांचा वाफा सुमारे सव्वानऊ चौरस मीटरचा, त्याला रोज ४५ ते ५० लिटर पाणी लागतं. मांडवाखालच्या नऊ वेलांना आळ्यात प्रत्येकी चार-पाच लिटर. म्हणजे दोन्ही मिळून रोज नव्वद लिटर, साधारण सहा हंडे. एवढं पाणी नसेल तर बाग निम्मी करा. अर्धी बाग नीट जगवलेली बरी, पूर्ण बाग तहानलेली नको.

पाणी वाचवायचे उपाय :

• भाताचा पेंढा किंवा सुका पाला झाडाच्या बुडाशी चार बोटं जाड पसरा. पाणी लगेच उडत नाही आणि मुळं गार राहतात. खोडाला मात्र चिकटवू नका, वाळवी लागते.
• पाणी संध्याकाळी किंवा पहाटे द्या. दुपारी शिंपलेलं पाणी वाया जातं.
• तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी सरळ आळ्यात. कपड्याच्या पावडरचं आणि भांड्याच्या साबणाचं पाणी नको. न्हाणीचं पाणी द्यायचंच तर केळी-अळवाला, पालेभाजीला नको.
• जुन्या मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुतळी किंवा चिंधीची वात घाला आणि दोन वेलांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरा. मडकं भरून झाकण ठेवलं की पाणी पाझरत राहतं.
• कारखान्याच्या नाल्याचं किंवा गटाराचं पाणी कितीही जवळ असलं तरी भाजीला नको.

खारेपाटातल्या वाचकांसाठी वेगळं : उन्हाळ्यात विहिरीचं, बोअरचं पाणी मचूळ होतं. पानांच्या कडा करपायला लागल्या, मातीवर पांढरी पापडी दिसली तर ते मीठ आहे, रोग नाही. त्यावर औषध मारू नका. डोंगराकडची गोडी माती आणि शेणखत समसमान भरून गोण्यांत लावा आणि गोडं पाणी थोडं थोडं द्या. आठ गोण्यांना रोज वीस-पंचवीस लिटर पुरतात, तेवढं स्वयंपाकघरातून निघतं. पालक आणि बीट खारेपणा बऱ्यापैकी सोसतात, घेवड्याला तो अजिबात चालत नाही. माती आणि पाणी तपासून घ्यायचं असेल तर रोह्याजवळ किल्ला इथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

■ फुलं येतात पण फळ धरत नाही

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. दुधी, काकडी, शिराळी, कारली यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुलं येतात. मादी फुलाच्या मागे बारीक फळ दिसतं, नर फुलाला नुसता देठ. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस बहुतेक नर फुलंच येतात आणि गळतात. ते बरोबरच आहे. दुधीचा मुख्य शेंडा मांडवावर पोचल्यावर खुडला तर बाजूच्या फांद्या फुटतात आणि त्यांवर मादी फुलं जास्त येतात.

मादी फूल येऊनही बारीक फळ पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन होत नाही. मधमाशा कमी झाल्या की असं होतं. मग हातानं करायचं. नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. वेळ मात्र पाळा. काकडी, कारली, घोसाळी यांची फुलं सकाळी उमलतात, दुधीची पांढरी फुलं आणि शिराळीची फुलं संध्याकाळी. दुधीचं फूल सकाळी चोळत बसलात तर काही उपयोग नाही, दिवेलागणीला जा.

तरीही फळ धरत नसेल तर युरिया जास्त झाला का बघा. युरियानं वेल गर्द हिरवा होतो, नुसता पाला वाढतो. परसबागेला शेणखत, गांडूळखत पुरेसं आहे. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक आळ्यात दोन ओंजळी घाला.

■ कीड-रोग : कमी करा, पण ओळखून करा

फळमाशी : काकडी, कारली, दुधी वाकडे होतात, टोचल्याची खूण दिसते, डिंक येतो, आत अळ्या निघतात. असं फळ बागेत टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा. वेलवर्गीय भाज्यांसाठी 'क्यू-ल्युअर'चा कामगंध सापळा लावा. आंब्याच्या बागेत लावतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा इथे चालत नाही, दुकानात नीट विचारून घ्या. थोडी फळं असतील तर धरल्याबरोबर कागदाची पिशवी बांधली तरी पुरते.

लाल भुंगेरे : कोवळ्या वेलाची पानं चाळणीसारखी करतात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. चुलीची राख पानांवर धुरळा.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी : ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं गाळून पाणी एक लिटर करा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. आपल्याकडे कडुनिंब कमी, तेव्हा कृषी सेवा केंद्रातून तयार निंबोळी अर्क आणला तरी चालेल.

भेंडीचा केवडा : पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, भेंडीही पिवळी येते. हा विषाणूरोग आहे, पांढऱ्या माशीनं पसरतो आणि त्यावर औषध नाही. ते झाड उपटून लांब टाका, बाकीची वाचतील.

रासायनिक औषध शक्यतो नकोच. घरची भाजी करायची आणि तिच्यावर बाजारापेक्षा जास्त विष मारायचं, याला अर्थ नाही. मारलंच तर बाटलीवरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे सर्वात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही हे लेबलवर दिलेलं असतं, ते पाळा. भेंडी आणि काकडी एक दिवसाआड तोडावी लागते, त्यामुळे या भाज्यांवर फवारलेलं औषध सरळ ताटात येतं.

■ कडू दुधी खाऊ नका : हा भाग नक्की वाचा

दुधी, काकडी, शिराळी कधीकधी कडूजहर निघते. पाण्याचा ताण, कडक ऊन, जून झालेलं फळ किंवा बियाण्यातली भेसळ अशी कारणं असतात. हा कडवटपणा 'कुकुरबिटासिन' नावाच्या विषारी द्रव्यामुळे येतो. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याची भीती नाही.

दुधीचा रस आरोग्याला चांगला म्हणून बरेच लोक सकाळी पितात. कडू रस पिऊन मृत्यू झाल्याच्या घटनांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली होती. कडू दुधीचा रस अजिबात पिऊ नये, असा तिचा सल्ला आहे. शिजवून किंवा मीठ लावून हे विष जात नाही.

म्हणून दुधी, काकडी, शिराळी चिरताना दोन्ही टोकांचा छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ टाका, गुरांनाही घालू नका. 'एवढं पाणी घालून वाढवलं, टाकायचं कसं' असा विचार करू नका. खाल्ल्यावर पोटात मुरडा, उलटी, जुलाब, उलटीत रक्त असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. यावर उतारा नाही, लगेच दवाखान्यात न्या आणि कडू दुधी पोटात गेला आहे हे डॉक्टरांना सांगा.

■ गुरं, माकडं आणि कोंबड्या

भात कापल्यावर गुरं मोकाट सुटतात, तेव्हा कुंपणाशिवाय बी टाकूच नका. करवंदीच्या, बाभळीच्या काटेरी फांद्या कमरेएवढ्या लावल्या तर गुरं-शेळ्या अडतात. कोंबड्यांसाठी जुनी मासेमारीची जाळी वाफ्याभोवती लावा. माकडांवर खात्रीचा उपाय नाही. कारलं आणि मिरची ती सहसा सोडतात, म्हणून डोंगरालगतच्या वाड्यांवर या दोन भाज्या जास्त धराव्यात आणि काकडी घराच्या अगदी जवळ.

■ शेवटची तोडणी : बी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ठरवा की बी कशाचं धरायचं. सर्वात निरोगी झाड निवडा, त्याचं मधल्या हंगामातलं एकच फळ किंवा दहा-बारा शेंगा ठेवा आणि खुणेला चिंधी बांधा, म्हणजे घरातलं कुणी तोडणार नाही. दुधी वाळून हलका होईपर्यंत, भेंडी तडकायच्या बेतात येईपर्यंत, चवळीची शेंग खडखडीत होईपर्यंत वेलावर ठेवा. बी सावलीत वाळवा, राखेत मिसळून बाटलीत भरा, नाव आणि तारीख लिहा. पावसात दमटपणा आत जाता कामा नये. संकरित बियाण्याचं बी मात्र धरू नका, पुढच्या वर्षी तशीच भाजी येत नाही. कडू निघालेल्या वेलाचंही नको.

या साध्या कामाची किंमत किती मोठी आहे ते नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवलं. शाळेत न गेलेल्या या आदिवासी शेतकरी बाईंनी परसबागेतून गावठी बियाणं जपलं, 'बायफ' संस्थेच्या साथीनं बियाणं बँक उभी केली. 'बीजमाता' म्हणून त्या ओळखल्या जातात आणि २०२० चा पद्मश्री त्यांना जाहीर झाला. सुरुवात घरामागच्या वाफ्यातूनच झाली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाफा मोकळा करा, सुकलेले वेल खड्ड्यात टाकून वर शेण-माती घाला, पुढचं खत होईल. मांडव मात्र मोडू नका. मृगाचा पाऊस पडला की त्याच मांडवाखाली पावसाळी काकडी, शिराळी, पडवळ टाकता येतं.

पहिल्या वर्षी दहातल्या चार भाज्या फसतात. कुठली फसली आणि कधी, एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या जानेवारीत बी टाकताना तेच कॅलेंडर काढून बघा.